खोक्यांची कंपनी आणि सुहासदादा

मंगळ., ४ मार्च

आज पुन्हा समोरून वारा. सायकल काढली की कुणीतरी छातीवर हात ठेवून मागे ढकलायला लागतं. येताना तरी तो पाठीमागून यावा ना, तर नाही, संध्याकाळपर्यंत स्वारीने दिशा बदललेली असते. बारा वर्षं झाली नेदरलँड्समध्ये, अ‍ॅम्स्टेलफेनला राहून, अजून माझं आणि या वाऱ्याचं जमलेलं नाही.

ऑफिसात वार्षिक सभेची फाइल उघडली. दर मार्चला हेच. एप्रिलमध्ये भागधारक येणार, आणि ते काय काय विचारतील ते ओळखून अध्यक्षांनी वाचायची उत्तरं मी आधीच लिहून ठेवायची. यात माझा हात धरणारं कोणी नाही, उगाच कशाला विनय. माझं उत्तर ऐकून झालं की माणूस आपण काय विचारलं होतं तेच विसरतो. तसंही आम्ही बनवतो पुठ्ठ्याची खोकी. खोक्यांबद्दल लोक विचारून विचारून काय विचारणार.

यंदा नायमेखनच्या फिसरआजोबांचा मेल आलाय. भूगोलाचे निवृत्त मास्तर, मूठभर शेअर, सभेला पहिल्या रांगेत, नंतर तळलेलं क्रोकेट खायलाही पहिले. विचारतायत: आपली अमेरिकेतली शाखा तिथल्या एका मंडळाला दर वर्षी वर्गणी देते. त्या मंडळात कंपन्या आणि राज्यांचे आमदार एका टेबलाशी बसून कायद्यांचे तयार मसुदे करतात. आमदार ते घरी नेतात आणि आपलेच म्हणून मांडतात. भीती वाटली म्हणून गोळी झाडणाऱ्याला मोकळं सोडणारा कायदा याच मंडळाने अनेक राज्यांत पोचवला. खोक्यांच्या कंपनीचा याच्याशी काय संबंध?

आधी हसू आलं. म्हटलं आजोबा, कुठून कुठे पोचलात. मग खाली त्यांनी राज्यांची नावं दिली होती ती वाचली. त्यात माझ्या मावसभावाचं, सुहासदादाचं राज्य.

पुढे काही काम झालं नाही.

गुरु., ६ मार्च

अमेरिकेच्या ऑफिसातल्या ब्रॅडशी कॉल. माणूस इतका गोड की चिडताही येत नाही. म्हणाला, आपण तिथे पॅकेजिंगच्या टेबलाला असतो. रद्दी परत घेण्याचे नियम, त्यावरचे कर, एवढंच आपलं काम. बंदुकांचं टेबल वेगळं होतं, जुनी गोष्ट झाली, ते तर आता बंदही केलं. कायदे? कायदे आहेत की अजून. वर्गणी टेबलाप्रमाणे वेगळी असते का, असं विचारलं. नाही म्हणाला, वर्गणी एकच.

दादाला ज्याने मारलं त्याचं नाव मला माहीत आहे. फोटो पाहिलाय. सहा वर्षं मनातल्या मनात त्याला यथेच्छ शिव्या घातल्यात. त्याला मोकळं सोडणाऱ्या कायद्यामागे कोणी वर्गणीदार असतील, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आणि आता त्या वर्गणीदारांत आमचीच खोकी. ज्या खोक्यांवर माझं घर चालतं तीच.

जेवताना नितीनला सांगितलं. म्हणाला, तू नको लिहूस ते उत्तर, दुसऱ्या कोणाला तरी दे. चांगला नवरा आहे. त्याचं कॉन्ट्रॅक्ट जूनपर्यंतच आहे, तेही त्याच्या डोक्यात असणार. बोलला नाही, पण मला काय कळत नाही का.

रवि., ९ मार्च

सुमनमावशीला फोन, सांगलीला. दादाची आई. वय चौऱ्याऐंशी, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. “काय करायलीस?” ने सुरुवात, मग नदीकाठच्या वांग्यांचा हंगाम, मग स्वयंपाकाला येणाऱ्या बाईच्या तक्रारी. ऑफिसचं काही बोलले नाही. कुठल्या तोंडाने बोलणार.

फोन ठेवल्यावर मे महिन्याची सुट्टी आठवत बसले. आम्ही पुण्याहून दर वर्षी जायचो. गावभागातल्या त्या गल्लीतली सगळी घरं मागच्या बोळाला पाठ लावून उभी, आणि प्रत्येकाचं स्वयंपाकघर त्या बोळात उघडणारं. पुढचं दार फक्त पोस्टमनला, लांबच्या पाहुण्यांना आणि मुलगी बघायला येणाऱ्यांना. बाकी सगळी ये-जा बोळातून. दादा तर एका दाराने शिरून दुसऱ्याने निघायचा. दारात पाऊल पडायच्या आधी आवाज, “काय शिजतंय?” आणि थेट भांड्याच्या झाकणाला हात. जोशीकाकू त्याच्यासाठी वाटी काढूनच ठेवायच्या. शेजारच्या मुल्लांच्या घरी ईदच्या दिवशी दादा आमच्या घरचा राहायचाच नाही.

मी नऊ वर्षांची, तो सतराचा. मला मागे मागे न्यायचा. मी बोळात उभी राहून लाजायचे, तर म्हणायचा, लाजतेस काय, ही सगळी आपलीच घरं.

तो काळ डोळ्यांसमोर आला की आजही भूक लागते. खोटं नाही. उठून रात्रीचा भात फोडणीला टाकला.

गुरु., १३ मार्च

उत्तर लिहायला घेतलं आणि आधी इथे हे लिहिणं भाग आहे असं वाटलं. कधीच कुठे लिहिलेलं नाही.

दिवाळीतला पाडवा. दादाच्या मित्राने नवीन वसाहतीत घर घेतलेलं. त्यांच्याकडून फराळाचा स्टीलचा डबा आला होता, तो परत द्यायचा होता. रिकामा डबा आपल्यात परत जात नाही. अनघावहिनीने बेसनाचे लाडू भरून दिले, आणि दादा नेमका एकटाच गेला. तिकडची घरं सगळी सारखी. एक गल्ली अलीकडे वळला. आणि पुढच्या दाराची घंटा वाजवायची सोडून, बाजूच्या फाटकातून मागे गेला. स्वयंपाकघराचं काचेचं दार सरकवलं. आत दिवा होता. कुकरची वगैरे काही शिट्टी नव्हती, पण त्याने नेहमीचं ते विचारलं असणार. पन्नाशीला आला तरी ती सवय गेली नव्हती.

घरात एक माणूस होता, त्याने गोळी झाडली. मला भीती वाटली, म्हणाला. वाटली असेलही, मी नाही म्हणत नाही. अनोळखी माणूस, अनोळखी भाषा, हातात काहीतरी चकाकणारं. पण त्या राज्याच्या कायद्याला तेवढंच पुरतं. मागे सरा, ओरडा, कोण आहे विचारा, यातलं काही करायची गरज नाही. खटला उभाच राहिला नाही. सरकारी वकिलाने वहिनीला बोलावून समजावून सांगितलं, खूप सभ्यपणे.

लिहून झालं. आता उत्तर.

शुक्र., १४ मार्च

उत्तर झालं. “कंपनी अनेक व्यासपीठांची सदस्य आहे. प्रत्येक व्यासपीठाची प्रत्येक भूमिका कंपनीची असतेच असं नाही. आमचा सहभाग पॅकेजिंगच्या प्रश्नांपुरता मर्यादित आहे.” मार्लूस, माझी बॉस, वाचून म्हणाली, सुंदर, नेहमीसारखं. खरंच नेहमीसारखं झालंय. माझीच मला शिसारी आली.

मंगळ., १८ मार्च

वकिलांकडून फाइल परत आली. माझ्या उत्तराच्या शेवटी एक वाक्य वाढवलंय: “या कायद्यांमुळे कोणाला इजा झाल्याची कोणतीही घटना कंपनीच्या माहितीत नाही.”

चार वेळा वाचलं. कंपनीच्या माहितीत म्हणजे कोणाच्या? ही फाइल मी करते. सभेपुरती कंपनीची माहिती म्हणजे मी जे गोळा करून लिहीन ती. आणि मला तर माहीत आहे. घटनेचं नाव, वय, आवडीची भाजी, सगळं माहीत आहे.

हे वाक्य अध्यक्षांनी वाचलं तर ते खोटं बोलले असं होणार नाही. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. खोटं बोललेली मी असेन.

सांगावं लागणार. पण दादाची गोष्ट काही माझ्या एकटीची नाही. आधी वहिनीला विचारायला हवं.

शनि., २२ मार्च

वहिनी नको म्हणाली.

ती अजून तिकडेच आहे, शाळेत शिकवते. शांतपणे ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाली, प्राजू, तुला माहीत नाही, मला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला. पोलिसांनी, वकिलाने, बातमीदाराने, शाळेतल्या बायकांनी, आपल्या मराठी मंडळातल्या लोकांनीसुद्धा. मागून का गेला? “जणू काही तो मागून गेला म्हणूनच मेला. मी सांगून सांगून थकले गं. आता त्याला पुन्हा कुणासमोर उभा करू नकोस.”

मला राग आला. तिचा नाही, पण कुणाचा तेही कळेना. मी काहीतरी फाडकन बोलणार होते, सुदैवाने बोलले नाही. तिने तो प्रश्न किती वेळा ऐकला असेल. मी एकदा ऐकला असता तर समोरच्याच्या थोबाडीत दिली असती.

म्हणजे आता मी गप्प बसायचं. वाक्य जाणार. अध्यक्ष वाचणार.

रवि., ३० मार्च, पाडवा

बाल्कनीत गुढी. वारा एवढा की तांब्या दोनदा पडला, शेवटी सायकलच्या रबरी पट्ट्यांनी बांधला. खालच्या मजल्यावरच्या डच आजी वर बघून हात हलवत होत्या. त्यांना वाटतं आमचं दर वर्षी काहीतरी वाळत घालायचं असतं.

श्रीखंड खाताना रेवाने विचारलं, मम्मा, तू आणि बाबा ऑफिसच्या कसल्या उत्तराबद्दल कुजबुजता? पंधरा वर्षांची आहे, लपवून उपयोग नव्हता. सांगितलं. दादा तिला आठवतो, व्हिडिओवर तिच्याशी डच बोलायचा प्रयत्न करायचा आणि ती हसून लोळायची. सगळं ऐकलं आणि इंग्रजीत म्हणाली, पण त्याने बेल का नाही वाजवली?

माझ्याच पोरीने. माझ्याच टेबलाशी. मी चमचा आपटला आणि आत निघून गेले.

तासाभराने तीच आली, शेजारी बसली. तिचं काय चुकलं म्हणा. ती जन्मल्यापासून बेलच्या दारांतच वाढलीय, मैत्रिणीकडे जायचं तरी आधी मेसेज. मग तिला बोळ सांगितला. जोशीकाकूंची वाटी, मुल्लांचा शीरखुर्मा, तासगावहून दादा बेदाणे आणायचा आणि त्याचे खिसे चिकट असायचे, मावशी ओरडत ते उलटे करून धुवायची. पावसाळ्यात नदी चढली की सगळी गल्ली पुलावर पाणी बघायला जायची आणि मागची दारं तशीच सताड उघडी. कुणी कधी काही नेलं नाही. न्यायला होतं तरी काय.

बोलता बोलता मला इतकं बरं वाटलं. दादा गेल्यापासून मी त्याच्याबद्दल फक्त तो कसा गेला तेच बोलत आले होते. आज पहिल्यांदा तो कसा यायचा ते बोलले.

रेवा शेवटी म्हणाली, “मला पण कुणीतरी असं आपलं आपलं आलेलं आवडेल.” मराठीत म्हणाली. मी काही बोलले नाही, नाहीतर परत इंग्रजीवर गेली असती.

गुरु., ३ एप्रिल

मार्लूसला सांगितलं.

ठरवून नाही. कँटीनमध्ये चीज-ब्रेड खात होतो, तिने सहज विचारलं, फाइल बंद करायची ना उद्या? आणि मी बोलायला लागले. वहिनीचं ‘नको’ मोडत होते, कळत होतं. पण मार्लूस वकील नाही, बातमीदार नाही. बारा वर्षं शेजारच्या टेबलावर बसलोय. रेवाला कांजिण्या झाल्या तेव्हा हिने माझी सगळी कामं ओढली होती.

लाडवाच्या डब्यापासून काचेच्या दारापर्यंत सगळं सांगितलं. आणि वाट बघत राहिले त्या प्रश्नाची. आता विचारेल, मग विचारेल.

नाही विचारलं. ब्रेड तसाच ठेवून म्हणाली, माझ्या आजीकडेही कोणी पुढून येत नसे. ब्राबांटमधलं खेडं तिचं. सगळे मागून. मागून येण्याला त्यांच्यात शब्दच आहे म्हणे, आख्टरओम. पुढचं दार फुगून बसलेलं असायचं, ते उघडायचं फक्त पाद्री आला की आणि शवपेटी न्यायची असली की. पुढच्या दाराशी कोणी दिसलं की आजी घाबरायची, म्हणाली, आता काय वाईट बातमी आली म्हणून.

तिथे कँटीनमध्ये मी रडले. सहा वर्षांत पहिल्यांदाच कोणाला तरी काही समजावून सांगावं लागलं नाही.

मग तिने डोळ्यांत बघून विचारलं, “हे तू मला मैत्रीण म्हणून सांगितलंस, की फाइलसाठी?” फाइलसाठी असेल तर मला ते वकिलांना कळवावं लागेल, आणि तुझ्या नावानिशी कळवावं लागेल. तुला काय हवं ते तू सांग, मी तसंच करीन.

म्हटलं, दोन दिवस दे.

शनि., ५ एप्रिल

वहिनीला पुन्हा फोन. आधी कबुली दिली की तू नको म्हणाली होतीस तरी मी एकीला बोलले. मग विचारलं तिने, थोडी कडवटच, मग? काय म्हणाली ती? मागून का गेला?

म्हटलं, नाही. तसं नाही म्हणाली. आणि मार्लूसच्या आजीचं दार सांगितलं.

वहिनी म्हणाली, परत सांग. परत सांगितलं. पाद्री, शवपेटी, फुगलेलं दार, सगळं. ती मध्येच हसली, रडतही असावी. म्हणाली, हे सुहासला आवडलं असतं गं, तो त्या आजीकडे जेवूनच आला असता.

नंतर कितीतरी वेळ दादाबद्दलच बोललो. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी घेऊन गेली तर तो तिच्या आईच्या स्वयंपाकघरात मागच्या अंगणातून शिरला. जावई! सासूबाईंच्या हातातला झारा पडला. मी ही गोष्ट दहा वेळा ऐकलीय, अकराव्यांदा ऐकली.

ठेवताना म्हणाली, “सांग त्यांना. पण तूच सांग. दुसऱ्या कोणाच्या तोंडून नको.”

मंगळ., ८ एप्रिल

फाइलसाठी म्हणून कळवलं. दुपारपर्यंत वकिलांचा कॉल. तीन माणसं, तिघंही अतिशय सहानुभूतीने बोलणारी. ते वाक्य काढलंय. बाकी उत्तर आहे तसंच: व्यासपीठं, भूमिका, पॅकेजिंगपुरता सहभाग. माझंच. आणि आता या प्रश्नात माझा व्यक्तिगत संबंध येतो म्हणून फाइल माझ्याकडून काढून घेतली. नियम आहे, बरोबरही आहे.

म्हणजे वाक्य गेलं आणि दादाही गेला. खोटं काढलं, खऱ्याला जागा कुणी दिली नाही. एवढ्यासाठी वहिनीला पुन्हा त्या सगळ्यातून नेलं मी.

सोम., १४ एप्रिल

डोकं तापवून झालं, आता सुचतंय. कंपनीने बोनसऐवजी कधीकाळी दिलेले शेअर आहेत की माझ्याकडे. फिसरआजोबांइतकेही नसतील. पण एक असला तरी सभेत माइक मिळतो, हे मीच नव्या लोकांना शिकवत आले. नाव नोंदवलं, भागधारक म्हणून.

मार्लूसला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, तुला नको म्हणायचा मला अधिकार नाही, आणि हो म्हणायचाही नाही. मग दार लावून घेतलं आणि विचारलं, कुठला कोट घालणार आहेस.

नितीनलाही सांगितलं. त्याने जूनचं कॉन्ट्रॅक्ट वगैरे काही काढलं नाही. सुट्टी टाकतो, म्हणाला, तुला सोडायला येतो, वाऱ्यात सायकलवर जाऊन केस विस्कटतील. अहो मोठं कौतुक.

घरी येताना वारा पाठीमागून होता, एकदाचा. सायकल आपोआप पळत होती. दादानेच शिकवली मला, मैदानावर, भाड्याच्या मोठ्या सायकलवर. नळीखालून पाय घालून हाप पायडल. मागे धरलंय धरलंय म्हणायचा आणि कधीच सोडून दिलेलं असायचं, हे सगळ्यांचंच होतं म्हणा. पण हा सोडून दिल्यावर शेजारून पळायचा, धापा टाकत, शेवटपर्यंत. आज कालव्याच्या कडेने येताना उजवीकडे बघायचा मोह होत होता.

रवि., २० एप्रिल

मावशीला सगळं सांगितलं. वहिनी म्हणाली होती, आईंना तू सांग, त्या तुझं ऐकतात. मावशी कुणाचं ऐकते.

मंडळ, वर्गणी, टेबलं, तिला कितपत कळलं म्हणून मी पुन्हा सांगायला लागले तर मला थांबवलं. “कळलं की. खोकीवाले खोक्यांसाठी गेले आणि जेवणाच्या पंगतीला सगळ्यांच्याच बसले.” एवढ्या दिवसांत मला हे इतकं नीट मांडता आलं नव्हतं.

मग म्हणाली, बोलशील तेव्हा रडू नकोस. “रडलीस की लोक पाणी आणून देतात आणि विषय बदलतात. मी बघितलंय.”

गुरु., २४ एप्रिल

झालं.

दुसऱ्या दाराने आत, गळ्यात भागधारकाचं कार्ड. आमच्याच रिसेप्शनच्या मुलीने मला ओळख नसल्यासारखं ओळखपत्र मागितलं, मग हळूच डोळा मारला. फिसरआजोबांच्या शेजारी बसले. त्यांनी प्रश्न विचारला, अध्यक्षांनी उत्तर वाचलं. माझी वाक्यं, माझे स्वल्पविराम. आजोबांनी मान डोलावली. खरंच, ऐकून झाल्यावर प्रश्न काय होता ते विसरायला होत होतं.

मग मी माइक मागितला. मंचावरच्या लोकांचे चेहरे. मार्लूस भिंतीशी, हाताची घडी.

इंग्रजीत बोलले. नाव, कुठे काम करते, आणि आत्ता ऐकलेलं उत्तर मीच लिहिलंय. मग दादा. लाडू, सारखी घरं, काच. मंडळाचा तो मसुदा आणि आमची वर्गणी, जी टेबलाप्रमाणे वेगळी होत नाही. आमच्यामुळे मेला असं मी म्हणत नाही, म्हटलं. त्याला कोणी मारलं ते मला माहीत आहे. मी एवढंच विचारते की आपण या मंडळातून बाहेर पडणार का, हो की नाही.

रडले नाही. आवाज एकदा फाटला, लाडू म्हणताना.

अध्यक्ष चांगले गृहस्थ आहेत. कागदाकडे न बघता म्हणाले की मला तुमच्या दुःखाबद्दल मनापासून वाईट वाटतं. आणि हा मुद्दा आम्ही सोबत घेऊन जातो. सदस्यत्वाचं ऑक्टोबरमध्ये ठरतं, तेव्हा विचार करू. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. इथे कुठल्याही गोष्टीचं काय करायचं ते ठरलं नसलं की ‘सोबत घेऊन जातो’ म्हणतात. ते वाक्यही मी किती जणांना लिहून दिलंय.

नंतर फिसरआजोबांनी माझ्यासाठी क्रोकेट आणलं. स्वतः घ्यायच्या आधी. तुमच्या भावाच्या गावाजवळून कुठली नदी जाते, विचारलं. कृष्णा, म्हटलं. मग कुठून निघते, कुठे मिळते, दोघं नदीवरच बोलत उभे राहिलो. मला फार बरं वाटलं.

रवि., २७ एप्रिल

काल इथल्या राजाच्या वाढदिवसाचा गोंधळ, आज रस्त्यांवर केशरी कागदांचा कचरा. घरात सगळे उशिरा उठले. कामावर अजून कुणी काही बोललेलं नाही. उद्या काय ते कळेल, किंवा ऑक्टोबरपर्यंत काहीच कळणार नाही. वहिनीने मी काय बोलले ते सगळं लिहून मागवलं, पाठवलं. तिने फक्त हृदय पाठवलंय, एकच.

मावशीला फोन. पहिल्या रिंगला उचलला, वाटच बघत होती.

“मग? काय म्हणाले?”

ऑक्टोबरमध्ये विचार करू म्हणाले, असं सांगितलं.

विचार करू म्हणजे हो का नाही? म्हटलं, मावशी, खरं सांगू, मला माहीत नाही. मीच इतकी वर्षं हे शब्द लिहिते आणि मला माहीत नाही.

मागे बाईचा भांडी घासल्याचा आवाज येत होता. मला वाटलं आता म्हणेल, जाऊ दे गं, पुरे झालं, तो काही परत येत नाही. सगळे तेच म्हणतात.

“ही सभा दर वर्षी असते का?”

हो म्हटलं, दर एप्रिलला.

“बरं,” म्हणाली. “मग पुढच्या वर्षी मला आठवण कर. मी आहे तोवर विचारत जा.”